जुना कोट : हौस आणि इतिहास

चाकणच्या एका कारखान्यात काम करणारा माझा माजी विद्यार्थी परवा घरी आला. अंगात रुंद कॉलरचा जुना लोकरी कोट, पिशवीत पितळी डबीतले दाढीचे रेझर. दोन्ही वस्तू पुण्याच्या जुन्या बाजारातून घासाघीस करून आणलेल्या. त्याची हौस मला आवडली. पण आपल्या माणसाने जुना कोट विकत घ्यावा, यामागे एक इतिहास आहे. त्याला जो सांगितला, तोच येथे मांडतो.

जुने कपडे ही आपल्या पूर्वजांची हौस नव्हती, ती सक्ती होती. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांना प्रेतावरची वस्त्रे, फुटकी भांडी आणि लोखंडाचे दागिने नेमून दिले आहेत. हे केवळ ग्रंथात राहिले नाही. गावगाड्यात मढ्यावरचे कापड हा महाराचा 'हक्क' ठरला. अपमानालाच हक्क म्हणायचे, ही त्या व्यवस्थेची चलाखी होती. महारवतने रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडावे लागले. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृतीचे दहन झाले. त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी स्त्रियांना लुगडे नेसण्याची रीत बदलायला आणि जात सांगणारे दागिने टाकायला सांगितले, ते उगाच नव्हे. पोशाख हे जातीचे निशाण होते. ते आधी उतरवायचे होते.

मात्र कपडे बदलले म्हणजे जात सुटते, असा भ्रम त्यांना नव्हता. १९०१ साली साताऱ्याहून वडिलांकडे निघालेली ही मुले मसूर स्टेशनावर उतरली. अंगात नवे जाकीट, डोक्यावर जरीची टोपी. स्टेशनमास्तरांना ती ब्राह्मणाची मुले वाटली. 'आम्ही महार' हे शब्द निघताच त्यांचा चेहरा पालटला. दुप्पट भाडे कबूल करूनही मुलांनाच गाडी हाकावी लागली आणि गाडीवान बाजूने चालत राहिला. बाबासाहेबांनी हा प्रसंग स्वतः लिहून ठेवला आहे. पुढे त्यांचा सूट ज्यांना साहेबी थाट वाटला, त्यांनी मसूरचे हे जाकीट विसरू नये.

दाढी-केसांचेही तेच. न्हावी हात लावीत नसे, म्हणून लहान भीमरावांचे केस बहीण कापी. न्हावीही बलुतेदारच, त्याने आपले केस कापले असते तर गावाने त्याला वाळीत टाकले असते. अशी सेवा नाकारणे १९५५ च्या अस्पृश्यता कायद्याने गुन्हा ठरले, पण कायदा गावात पोचायला वेळ लागतो. अशा घरात आलेले पात्याचे रेझर ही चैन नव्हती. आपली दाढी आपल्या हाताने, कुणाच्या पाया न पडता करता येणे, ही लहानशी का होईना, मुक्ती होती.

आता माझी चूक सांगतो. माझे वडील देहूरोडच्या लष्करी डेपोत मजूर होते. त्यांच्याकडे एकच कोट होता. २५ डिसेंबर १९५४ रोजी देहूरोडच्या विहारात बाबासाहेबांच्या हस्ते बुद्धमूर्तीची स्थापना झाली, तेव्हा तो घालून ते गर्दीत उभे होते. त्यांच्या पश्चात आईने तो बोहारणीला दिला आणि स्टीलची परात घेतली. मी इतिहासाचा शिक्षक, तेथेच बसलो होतो. मला काही वाटले नाही.

पुण्यातील केळकर संग्रहालयात दिवे, अडकित्ते, वज्र्या नांदतात. रोजच्या वस्तूंतही इतिहास असतो, हे त्या संग्रहाने शिकवले. सिंबायोसिसच्या स्मारकात बाबासाहेबांचे कपडे आणि वापरातील वस्तू जपल्या आहेत. पण त्यांच्या मागे चाललेल्या सामान्य माणसाचा कोट कोठे आहे? चाकण परिसरात जुनी घरे पडून इमारती उठत आहेत, आणि पेट्या भंगारात चालल्या आहेत.

म्हणून विद्यार्थी-कार्यकर्त्यांना एक विनंती. घरातली अशी वस्तू देऊन टाकण्यापूर्वी ती कोणाची, कोणत्या वर्षी, कोणत्या पगारातून घेतली आणि कोणत्या सभेला घातली, एवढे वहीत लिहा. त्या मुलाच्या अंगातला कोट कोणाचा होता, हे आता कधीच कळणार नाही. आपल्या घरातल्या कोटाचे तसे होऊ देऊ नका.