काळा घोडा

मुंबईच्या फोर्ट भागात पूर्वी असलेला अश्वारूढ ब्राँझ पुतळा. त्यावरूनच जहांगीर आर्ट गॅलरीसमोरच्या परिसरालाही हे नाव पडले. स्वार म्हणजे सातवा एडवर्ड. युवराज असताना त्याने 1875–76 मध्ये हिंदुस्थानचा दौरा केला, त्याच्या स्मरणार्थ आल्बर्ट ससून यांनी हा पुतळा शहराला दिला. शिल्पकार जोसेफ एडगर बोएम, अनावरण 1879. लोकांनी मात्र राजाला वगळून घोड्यालाच नाव दिले.

संयुक्त महाराष्ट्राच्या स्थापनेनंतर वसाहतकालीन पुतळे हटवण्याची मागणी वाढली. 1965 मध्ये हा पुतळा भायखळ्याच्या राणीच्या बागेत हलवण्यात आला. आज तो तिथल्याच डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे. त्याच आवारात व्हिक्टोरिया राणीचा संगमरवरी पुतळाही ठेवलेला आहे. मॅथ्यू नोबलने घडवलेल्या या पुतळ्याला 1896 मध्ये चापेकर बंधूंनी डांबर फासून जोड्यांची माळ घातली होती. संग्रहालयाचे मूळ नावही 'व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट'. ते 1975 मध्ये बदलले. फोर्टातले, काळा घोडा परिसराजवळचे प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमही 1998 पासून छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय या नावाने ओळखले जाते.

मुंबईने हे पुतळे वितळवले नाहीत, त्यांची फक्त जागा बदलली. ही तडजोड चाणाक्ष म्हणावी लागेल, पण अपुरीही: आवारात राजघराण्याचे वैभव दिसते, त्यामागचा हिशेब शोधावा लागतो. फोर्टात 2017 मध्ये नवा घोडा बसवण्यात आला. त्याच्या पाठीवर स्वार नाही.