फ्रीनोडचा सातबारा कुणाच्या नावावर?

आजच्या भागात एका घरबदलाची गोष्ट. घर म्हणजे चॅट रूम, आणि राहणारे म्हणजे उबंटू, पायथन, विकिमीडिया, जेंटू, आर्च लिनक्स वगैरे. मे २०२१ मध्ये या सगळ्यांनी काही दिवसांच्या अंतराने एकाच जागेतून बिऱ्हाड हलवलं. त्या जागेचं नाव होतं फ्रीनोड.

आधी थोडं मागे जाऊ. आयआरसी, म्हणजे इंटरनेट रिले चॅट, १९८८ च्या ऑगस्टमध्ये फिनलंडच्या औलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन याने लिहिलं. व्हॉट्सॲपच्या वीस वर्षं आधी, बरं का! यात एक कंपनी, एक ॲप असं काही नसतं. अनेक सर्व्हर एकमेकांना जोडून एक नेटवर्क बनतं, अशी कितीतरी नेटवर्क्स असतात, आणि प्रत्येकावर हॅश चिन्हाने सुरू होणारे चॅनेल. एका नेटवर्कवरचं हॅश-पायथन आणि दुसऱ्यावरचं हॅश-पायथन यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

फ्रीनोडचं मूळ नाव ओपन प्रोजेक्ट्स नेटवर्क. ते रॉब लेव्हिनने उभं केलं. आयआरसीवर त्याला सगळे ‘लिलो’ म्हणायचे. २००२ मध्ये नाव बदलून फ्रीनोड झालं. २००६ च्या सप्टेंबरमध्ये ह्यूस्टनला सायकलवर असताना त्याला गाडीने धडक दिली आणि त्यात तो गेला. तरी नेटवर्क चालू राहिलं, कारण चालवणारे सगळे स्वयंसेवक होते आणि सर्व्हर संस्था-कंपन्यांनी देणगीदाखल दिलेले.

आता खरी मेख इथे आहे. अशा गोष्टीचा मालक कोण? सर्व्हर देणगीदारांचे. काम बिनपगारी लोकांचं. गप्पा वापरणाऱ्यांच्या. डोमेन नाव मात्र कुणाच्या तरी नावावर असावंच लागतं. २०१७ मध्ये फ्रीनोड लिमिटेड नावाची कंपनी अँड्रू ली या उद्योजकाकडे गेली. प्रायव्हेट इंटरनेट ॲक्सेस ही व्हीपीएन सेवा सुरू करणारा तोच. स्वयंसेवकांचं म्हणणं असं, की आम्हाला सांगितलं होतं की कंपनी फक्त परिषदा भरवण्यापुरती आहे, नेटवर्कशी तिचा संबंध नाही. लीचं म्हणणं, की मी पैसे घातलेत, नेटवर्क माझंच आहे. कागद कुणाच्या बाजूने होता यावर अजूनही वाद घालता येतो. माझ्या मते कागदावरून हा प्रश्न सुटणाराच नव्हता. सातबाऱ्यावर नाव असलं म्हणून शेत नांगरणारे थांबतातच असं नाही.

आणि ते थांबले नाहीत. १९ मे २०२१ ला जवळपास सगळ्या स्टाफने एकदम राजीनामे दिले आणि त्याच दिवशी लिबेरा डॉट चॅट सुरू केलं. यावेळी स्वीडनमध्ये ना-नफा संस्था केली, म्हणजे कुणा एकाला ती विकताच येऊ नये.

प्रकल्पांसाठी मात्र कटकट सुरू झाली. घर बदलायचं म्हणजे काय काय? नव्या नेटवर्कवर कुणी दुसऱ्याने नाव बळकावण्याआधी चॅनेल नोंदवायचं. प्रत्येकाने आपलं टोपणनाव पुन्हा रजिस्टर करायचं. बॉट हलवायचे. मॅट्रिक्सशी जोडलेले पूल पुन्हा बांधायचे. रीडमी फाइलमध्ये, मॅन्युअलमध्ये, दहा वर्षांपूर्वीच्या स्लाइड्समध्ये पडलेले जुने पत्ते बदलायचे (स्लाइड्सचं काही होत नाही, त्या तशाच राहतात). आणि जुन्या चॅनेलच्या टॉपिकमध्ये पाटी लावायची: आम्ही लिबेराला गेलोय.

डेबियनवाले इथे हुशार निघाले होते. त्यांनी चॅटसाठी स्वतःच्याच डोमेनवर पत्ता ठेवला होता, आयआरसी डॉट डेबियन डॉट ऑर्ग. २००६ मध्येच त्यांनी तो फ्रीनोडवरून काढून ओएफटीसी नावाच्या नेटवर्ककडे वळवला. लोकांना माहीत असलेला पत्ता तोच, मागचं घर वेगळं. तुम्ही कुठल्या प्रकल्पात असाल तर ही युक्ती आजही डिस्कॉर्डच्या लिंकला लागू पडते. आपल्या डोमेनवरून रीडायरेक्ट ठेवा, बस्स!

परत फ्रीनोडकडे. त्या पाट्याच नव्या व्यवस्थापनाला खुपल्या. मेच्या शेवटच्या आठवड्यात, एका रात्रीत, टॉपिकमध्ये लिबेराचा उल्लेख असलेली सुमारे ७०० चॅनेल्स ताब्यात घेतली गेली. कारण दिलं ते धोरणभंगाचं. चालवणाऱ्यांचे अधिकार गेले, पाट्या पुसल्या गेल्या. जे प्रकल्प तोवर ‘बघू, घाई काय आहे’ म्हणत दोन्हीकडे पाय ठेवून होते, त्यांचा निर्णय त्या रात्रीने करून टाकला. मला यात सर्वात विचित्र वाटतं ते हे, की जायला निघालेल्याच्या दारावरची पाटी काढली, तर राहिलेल्यांनाही आपल्या दाराची काळजी वाटणार, एवढा साधा हिशोब कुणी केला नाही.

मग जूनच्या मध्यात फ्रीनोडने सर्व्हरचं सॉफ्टवेअरच बदललं आणि जुना डेटाबेस सोबत घेतला नाही. वीस-वीस वर्षांपूर्वी नोंदवलेली टोपणनावं, चॅनेल्स, पासवर्ड, सगळं कोरं. त्या दिवशी सवयीने लॉगिन करायला आलेल्या माणसाला सर्व्हरने ओळखलंच नाही. त्याचं टोपणनाव आता कुणीही नव्याने घेऊ शकत होतं.