कापूस, समुद्र आणि १ जुलै १८६५ : मुंबईच्या पहिल्या शेअर-ज्वराचा धागा

शनिवार, १ जुलै १८६५. या एका तारखेकडे मुंबईतील हजारो माणसे सहा महिने डोळे लावून बसली होती. आरंभी आशेने आणि अखेरीस भयाने. त्या दिवशी शहरात ना दंगल झाली, ना आग लागली. केवळ वायदे पूर्ण करण्याचा दिवस उजाडला, आणि ते पूर्ण करण्याजोगा पैसा जवळजवळ कोणापाशीच नाही हे उघड झाले.

या कथेचे मूळ सातासमुद्रापार आहे. एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखली आणि इंग्लंडमधील लँकेशायरच्या गिरण्यांना लागणारा कापूस तुटला. या गिरण्या तोवर मुख्यतः अमेरिकी कापसावरच चालत. आखूड धाग्याचा, कचरा मिसळलेला म्हणून नाके मुरडली जाणारा हिंदुस्थानी कापूस आता त्यांना गोड लागू लागला. लिव्हरपूलच्या बाजारात ज्याला पौंडामागे चार-पाच पेन्स मिळत, त्याचाच भाव १८६४ मध्ये वीस पेन्सच्या वर गेला. गाद्या उसवून त्यांतील कापूस विकल्याच्या गोष्टी मुंबईत पुढे अनेक वर्षे सांगितल्या जात. भेसळ इतकी माजली की १८६३ मध्ये मुंबई सरकारला कापसातील लबाडीविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला.

युद्धाच्या काळात नेहमीच्या उत्पन्नाव्यतिरिक्त जो पैसा मुंबईत आला, त्याचा अंदाज सात ते आठ कोटी पौंड असा केला जातो. एवढा पैसा ठेवायचा कोठे? शेतजमीन, सोने, सावकारी आणि घरे हे जुने मार्ग होते, पण ते एवढ्या पुराला पुरेसे नव्हते. नवा मार्ग कायद्याने नुकताच खुला केला होता. १८५७ च्या कायद्याने कंपन्यांना मर्यादित जबाबदारीची सवलत मिळाली आणि १८६० मध्ये ती बँकांनाही लागू झाली. कंपनी बुडाली तरी भागधारकाचे घरदार जाणार नाही, भागाची रक्कम तेवढी जाईल, हा त्याचा अर्थ. आज ही गोष्ट इतकी अंगवळणी पडली आहे की तिचे नवल वाटत नाही. पेढी बुडाली तर धन्याच्या अंगावरचे दागिनेही जातात, हे पिढ्यान्पिढ्या पाहिलेल्या समाजाला मात्र ती आगगाडीइतकीच अद्भुत वाटली असणार.

आगगाडीचा उल्लेख येथे सहज आलेला नाही. सावध, हिशेबी व्यापाऱ्यांचे शहर वेड्यासारखे का वागले, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. लोभ हे त्याचे सोपे उत्तर झाले. ते चूक नाही, पण अपुरे आहे. मागील दहा वर्षांत या शहराने काय पाहिले होते? १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली. १८५६ मध्ये ताडदेवला कापडगिरणी सुरू झाली. तारेने निरोप जाऊ लागले. १८६३ मध्ये भोर घाटातून लोहमार्ग वर चढला. प्रत्येक वेळी शंकेखोरांनी मान हलवली होती आणि प्रत्येक वेळी ते खोटे ठरले होते. समुद्र हटवणे तर मुंबईला मुळीच नवे नव्हते. कुलाब्याचा बांध १८३८ चा आणि माहीमचा १८४५ चा. त्यामुळे मलबार हिलपासून कुलाब्यापर्यंतची खाडी भरून काढू असे कोणी म्हणाले, तेव्हा त्याला वेडा म्हणण्याचा नैतिक अधिकारच सावध माणसांपाशी उरला नव्हता.

१८६४ मध्ये स्थापन झालेली बॅकबे रेक्लमेशन कंपनी हेच म्हणत होती. बॉम्बे-बडोदा रेल्वेला कुलाब्यापर्यंत जागा हवी होती. कंपनीने समुद्र भरून सरकारला ती द्यावी आणि उरलेली जमीन स्वतः विकावी, असा बेत होता. कल्पना मुळीच खुळी नव्हती. दाटीवाटीच्या बेटावर जमीन हेच खरे सोने होते आणि नव्या मुंबईची आखणी करणारे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर त्याच वेळी कोटाचे तट पाडत होते.

धोरण आणि जुगार यांची गाठ येथेच पडली. या कंपनीचे ४०० भाग स्वतः घेण्याचा मुंबई सरकारचा मानस होता. वरिष्ठ सरकारने नकार दिला, आणि मग ते भाग बाजारात विकले गेले. प्रत्येकी ५,००० रुपये भरलेल्या या भागांना सरासरी २६,००० हून अधिक अधिमूल्य मिळाले. अवघ्या ४०० कागदांवर १ कोटीहून अधिक रुपये! समुद्रात अजून भर पडायची होती. लोकांनी यातून काढलेला अर्थ सरळ होता : ज्यात सरकार भाग घेऊ इच्छित होते, ते बुडेल कसे? सरकारने नकार का दिला, हा प्रश्न कोणी विचारला नाही. पुढे त्याच भागाचा भाव ५०,००० च्या आसपास गेला.

मग पीकच आले. १ जानेवारी १८६५ रोजी मुंबईत ३१ बँका, १६ वित्तसंस्था, ८ भूमिकंपन्या आणि २० विमा कंपन्या होत्या. त्यांपैकी अनेकींपाशी कार्यालयाची पाटी आणि भागांची यादी याखेरीज फारसे काही नव्हते. टाउन हॉलसमोरच्या झाडांखाली जमणाऱ्या दलालांची संख्या दोन-अडीचशेच्या घरात गेली. या घोळक्याचा अनभिषिक्त राजा होता प्रेमचंद रायचंद. सुरतेचा हा जैन दलाल तेव्हा अवघा तेहतीस-चौतीस वर्षांचा होता. कोणत्या कंपनीचे भाग कोणाला मिळावेत हे त्याच्या शब्दावर ठरे, आणि वाटपाच्या यादीत नाव असणे म्हणजे घरबसल्या हजारो रुपये मिळणे असे समीकरण होते. त्याला ठग ठरवणे सोपे आहे. परंतु त्याने १८६४ मध्ये मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख आणि मनोऱ्यासाठी दोन लाख दिले. मातोश्रींच्या नावाचा तो राजाबाई टॉवर आजही उभा आहे. त्याच्या योजनांवर इतरांइतकाच त्याचाही विश्वास होता, असे मानण्यास जागा आहे. अशी माणसे ठगांहून अधिक धोकादायक असतात.

या सर्वांना इंधन पुरवणारी संस्था होती बँक ऑफ बॉम्बे. तिची स्थापना १८४० ची. तिच्या भांडवलात सरकारचा वाटा होता आणि संचालक मंडळावर सरकारनियुक्त माणसे बसत. तिच्या मूळ सनदेत कर्ज देण्यावर कडक बंधने होती. १८६३ च्या कायद्याने ती सैल झाली आणि इतर कंपन्यांचे भाग तारण घेऊन कर्ज देण्याची मुभा मिळाली.

हे यंत्र कसे चाले ते पाहण्यासारखे आहे. एका कंपनीचे भाग घ्यायचे, ते बँकेत तारण ठेवायचे, मिळालेल्या कर्जातून दुसरीचे भाग घ्यायचे आणि तेही तारण ठेवायचे. भाव चढत होते, म्हणून तारण पुरेसे दिसे. तारण पुरेसे दिसे म्हणून कर्ज मिळे, आणि कर्ज मिळे म्हणूनच भाव चढत. पुढे पुढे तर केवळ वचनचिठ्ठीवर, प्रेमचंदच्या शिफारशीने मोठमोठ्या रकमा दिल्या गेल्या. संचालकांपैकी काही जण स्वतःच या सट्ट्यात होते. सामान्य ठेवीदाराच्या लेखी मात्र ती ‘सरकारी’ बँक होती.

त्यावर कळस चढवला वायद्याच्या सौद्यांनी. समजा, एखाद्याने जानेवारीत बॅकबेचा एक भाग ४५,००० रुपयांना घेण्याचा करार केला. पैसे आज द्यायचे नाहीत, १ जुलैला द्यायचे. तोवर भाव ५०,००० झाला, तर एक रुपयाही न घालता ५,००० हाती. विकणाऱ्यापाशी तरी तो भाग असेच असे नाही. त्याने तो तिसऱ्याकडून, तिसऱ्याने चौथ्याकडून वायद्यानेच घेतलेला असे. या साखळीत प्रत्येकाचा हिशेब स्वतःपुरता चोख होता. प्रत्येकजण हे गृहीत धरून चालला होता की समोरचा दिलेला शब्द पाळेल.

धोका कोणालाच कळला नाही, असे मात्र म्हणता येत नाही. मुंबईच्या विधिमंडळाने १८६५ मध्येच पैजेच्या करारांविषयीचा कायदा अधिक कडक केला. अशा सौद्यांशी जोडलेल्या करारांची दादही न्यायालयात लागू नये, असा त्याचा रोख होता. पण तोवर जुलैचे सौदे होऊन गेले होते. शिवाय खरा भाग देण्या-घेण्याचा करार कोणता आणि निव्वळ पैज कोणती, हे कागदावरून ओळखणे सोपे नव्हते. आजही नाही.

तंत्रज्ञानाने याच सुमारास एक क्रूर थट्टा केली. इराणी आखातातून घातलेली तार १८६५ च्या आरंभी वापरात आली. ज्या बातमीला आगबोटीने महिनाभर लागे, ती आता काही दिवसांत युरोपातून हिंदुस्थानात पोहोचू लागली. तारेचे स्वागत व्यापाऱ्यांनीच सर्वांत उत्साहाने केले होते. शांततेच्या अफवांनी वर्षारंभापासूनच कापसाचा भाव घसरत होता. ९ एप्रिल रोजी दक्षिणेचा सेनापती रॉबर्ट ली शरण आला. ही वार्ता मुंबईत पोहोचताच कापूस कोसळला, कापसापाठोपाठ भाग आणि भागांपाठोपाठ तारण. मे महिन्यात बैरामजी होरमसजी कामा यांची मोठी पेढी बुडाली आणि मग रांगच लागली. १ जुलैचा दिवस उजाडला तेव्हा निकाल आधीच लागलेला होता.

बँक ऑफ बॉम्बेचा भाग एके काळी २,८५० रुपयांना गेला होता. तो पुढे ८७ रुपयांना विकला गेला. बॅकबे कंपनी गुंडाळली गेली. तिने भरलेल्या अरुंद पट्टीवरून रेल्वे मात्र गेली. (उरलेला समुद्र हटवण्याचा उद्योग १९२० च्या दशकात पुन्हा झाला आणि तेव्हाही तो गाजला, पण ती कथा वेगळी.) नसरवानजी टाटांची पेढीही सापडली. त्यांचा तरुण मुलगा जमशेटजी त्या वेळी लंडनमध्ये होता. हिंदी बँक काढण्यासाठी गेलेल्या या मुलावर धनकोंना तोंड देण्याची पाळी आली. ज्यांनी रेल्वेपासून विद्यापीठापर्यंत नव्या मुंबईच्या प्रत्येक कामाला हात लावला, त्या जगन्नाथ शंकरशेट यांचे निधन याच जुलैच्या ३१ तारखेला झाले. १८६४ च्या शिरगणतीत मुंबईची लोकसंख्या ८,१६,५६२ होती. १८७२ मध्ये ती ६,४४,४०५ भरली. भरतीच्या काळात आलेले मजूर, गवंडी, कारकून ओहोटीबरोबर निघून गेले. त्यांची नावे कोणत्याही दिवाळखोरांच्या यादीत नाहीत.

आता प्रश्न आला सरकारपुढे : बुडालेल्यांचे करायचे काय? कायद्याने सर्वांना दिवाळखोर ठरवले, तर धनकोही बुडणार, कारण प्रत्येक ऋणको दुसऱ्याचा धनको होता. म्हणून १८६५ चा २८ वा कायदा आला. धनकोंच्या संमतीने विश्वस्त नेमून नेहमीच्या दिवाळखोरी न्यायालयाबाहेर तडजोड करण्याची वाट त्याने काढून दिली. सट्टेबाजांना मोकळे सोडले, अशी टीका त्यावर झाली. शहराचा व्यापार पुन्हा उभा करायचा तर दुसरा मार्ग नव्हता, असे समर्थनही झाले. दोन्ही म्हणणी खरी होती.

१८६८ मध्ये बँक ऑफ बॉम्बे बंद झाली आणि त्याच नावाची नवी बँक निघाली. सर चार्ल्स जॅक्सन यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने चौकशी केली. सैल झालेला कायदा, दुबळे संचालक, प्रेमचंदच्या मुठीत गेलेला कारभार आणि सरकारनियुक्त संचालकांची बेफिकिरी हे सारे तिच्यात बाहेर आले. तडजोडीचा कायदा तीन वर्षांपूर्वीच झाला होता आणि तेव्हा भागधारकांच्या हातात रद्दी उरली होती. दिनशा वाच्छा ऐन ज्वराच्या काळात विशीतले तरुण होते. त्यांनी १९१० मध्ये या प्रकरणावर स्वतंत्र पुस्तकच लिहिले. प्रेमचंद सर्वस्व गमावूनही पुन्हा उभा राहिला आणि १९०६ पर्यंत जगला.

मात्र या हिशेबाची एक बाजू मुंबईबाहेर होती, आणि शेअर-ज्वराच्या कथेत ती बहुधा गाळली जाते. खानदेश-वऱ्हाडात कापसाचा पैसा खेळला होता. पुणे-नगरच्या कोरडवाहू भागात कापूस थोडा, पण धान्याचे भाव, गाडीभाडे आणि लोहमार्गावरील मजुरी सारेच वाढले होते. कुणबी संपन्न झाला असे सावकाराला वाटले, म्हणून त्याने हात सैल सोडून कर्ज दिले. सरकारलाही तसेच वाटले. १८६७ च्या सुमारास इंदापूर तालुक्यापासून शेतसाऱ्याची फेरआकारणी सुरू झाली आणि सारा मोठ्या प्रमाणात वाढला. तोवर भाव उतरणीला लागले होते. बॅकबेचा भाग तेजीत तारण ठेवला गेला तसाच येथे शेतकऱ्याचा जमिनीचा तुकडा. फरक इतकाच की त्याच्यासाठी तडजोडीचा कायदा त्या वर्षी कोणी केला नाही. तसा कायदा दख्खनच्या शेतकऱ्यांना १८७९ मध्ये मिळाला, आणि तोही आग लागून गेल्यावर.

ती आग १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे गावी लागली. बाजारच्या दिवशी शेतकऱ्यांनी सावकारांची दुकाने-घरे गाठली. त्यांना हवी होती ती कर्जखते. ती हाती येताच जाळली गेली, आणि हे लोण पुणे-नगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरले.

त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, ९ जुलै १८७५ रोजी, मुंबईत दलालांनी आपली संघटना स्थापन केली. १८६५ च्या पडझडीतून वाचलेले आणि नंतर धंद्यात आलेले असे दोन्ही प्रकारचे लोक तीत होते. झाडाखालचा बाजार तोवर एका गल्लीत स्थिरावला होता. तिला नाव पडले दलाल स्ट्रीट.