दोन हातांची पाटी: घराच्या विम्याची गोष्ट



मागे एका गटाच्या बैठकीत एका ताईंनी विचारलं, "आम्ही तालुक्याला नवीन घर घेतलं. कर्ज देताना बँकेनं विम्याचे पैसे कापून घेतले. म्हणजे आमच्या घराचा विमा झालाच ना?" आम्ही कागद काढून वाचला. तो विमा घराचा नव्हताच, त्यांच्या मालकांच्या जिवाचा होता. कर्ज फिटायच्या आत मालकांचं काही बरंवाईट झालं, तर उरलेलं कर्ज विमा कंपनी फेडणार. तो विमाही कामाचाच. पण उद्या घराला आग लागली किंवा पुराचं पाणी शिरलं, तर त्या कागदावर एक रुपया मिळणार नाही.

म्हणून आज घराच्या विम्याची गोष्ट सांगते. गोष्ट साडेतीनशे वर्षांची आहे. घर घेताना काय काय विचारायचं, ते सगळं या गोष्टीतच सापडतं.

सुरुवात होते इंग्लंडमधल्या लंडन शहरात. 2 सप्टेंबर 1666, रविवारची पहाट. पुडिंग लेन नावाच्या गल्लीत एका पाववाल्याकडे आग लागली. घरं लाकडाची, एकमेकींना खेटून उभी, त्यात वारा सुटलेला. चार दिवसांत 13,000 हून जास्त घरं जळाली.

आग विझली आणि भांडणं सुरू झाली. शहरातले बरेच लोक दुसऱ्याच्या घरात कराराने राहत होते. अनेक करारांत लिहिलं होतं की घर राखायचं, पडलं तर पुन्हा बांधायचं आणि भाडंही भरत राहायचं, हे सगळं राहणाऱ्यानंच. म्हणजे घराची राख झाली, तरी भाडं चालूच! ही भांडणं मिटवायला 1667 मध्ये तिथल्या सरकारनं खास न्यायालय बसवलं. कोणी बांधायचं, कोणी किती सोसायचं, हे न्यायाधीश एकेका घराचं ठरवत बसले. कागदावर नाव कुणाचं आणि जबाबदारी कुणाची, हे आधी वाचलं नाही तर काय होतं, ते लंडनच्या लोकांना तेव्हा कळलं.

पुढे 1680 च्या सुमाराला निकोलस बार्बन नावाच्या माणसानं घरांच्या आगीचा विमा देणारं दुकानच उघडलं. हा शिकलेला डॉक्टर, पण धंदा घरं बांधायचा. विटांच्या घराला जेवढा हप्ता, त्याच्या दुप्पट लाकडी घराला, कारण लाकूड लवकर पेटतं. असे विमे देणाऱ्या कंपन्यांनी आग विझवायला स्वतःची माणसं ठेवली. विमा काढलेल्या घराच्या भिंतीवर कंपनीच्या खुणेची धातूची पाटी ठोकली जायची.

1696 मध्ये लोकांनीच एकत्र येऊन एक मंडळ काढलं. त्यात मालक कोणी वेगळा नव्हता. सभासदांनी वर्गणी भरायची, ज्याचं घर जळेल त्याला त्यातून द्यायचं, उरलं तर ते सभासदांचंच. त्यांच्या पाटीवर एकमेकांत गुंफलेले दोन हात होते. नावही तसंच पडलं, हँड इन हँड, हातात हात. आपल्या बचत गटाशी केवढं जुळतं बघा!

पण हे विमे घराच्या भिंती-छपराचे होते. आतली भांडीकुंडी, कपडे, बिछाने जळाले तर काय? 1710 मध्ये सन फायर ऑफिस नावाची कंपनी निघाली, ती घरातल्या सामानाचाही विमा देऊ लागली. घर वेगळं आणि घरातलं सामान वेगळं, हा हिशेब तेव्हापासूनचा. आजच्या पॉलिसीतही तुम्हाला तो दिसेल.

इंग्रजांबरोबर हा धंदा आपल्या देशात आला तो कोलकाता-मुंबईच्या व्यापाऱ्यांसाठी. जहाजं, गोदामं, गिरण्या यांचे विमे निघू लागले. 1973 मध्ये सरकारनं अशा शंभराहून जास्त कंपन्या ताब्यात घेऊन त्यांच्या चार सरकारी कंपन्या केल्या. तरी खेड्यातल्या घराचा विमा निघतो, हे आपल्या कानावर फारसं आलं नाही.

मग 30 सप्टेंबर 1993 उजाडला. आदल्या दिवशी गणपती बोळवून माणसं झोपली होती. पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीची जमीन हादरली. लातूर आणि उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसं गेली. दगड-मातीच्या जाड भिंती, वर माळवदाचं ओझं. उन्हाळ्यात गारवा देणारी घरंच अंगावर आली.

जागतिक बँकेचं कर्ज काढून, देणगीदारांची मदत घेऊन सरकारनं गावं पुन्हा उभी केली. मदत मोठी होती आणि तिची गरजही होती. पण मदतीला नियम असतात. नव्या वसाहतींत घर 250, 450 की 750 चौरस फुटांचं मिळणार, हे कुटुंबाकडे जमीन किती यावरून ठरलं. तुमचं पडलेलं घर केवढं होतं, यावरून नाही. मदत सरकारच्या नियमानं मिळते. विमा आपण आधी ठरवलेल्या रकमेनं मिळतो. आणि त्या काळी कुणी घराचा आगीचा विमा काढला असता, तरी भूकंप त्यात आपोआप येत नव्हता. त्यासाठी जादा हप्ता भरावा लागायचा.

हे बदललं 1 एप्रिल 2021 पासून. विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या प्राधिकरणानं सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना घरासाठी एकसारखी पॉलिसी द्यायला लावली. तिचं नाव भारत गृह रक्षा. आग, वीज पडणं, भूकंप, वादळ, पूर, दरड, दंगल हे सगळं त्यात एकत्र आलं. योगायोग असा की त्याच दिवसापासून आपल्या राज्यात बाईच्या नावानं घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत सुरू झाली. म्हणजे घर बाईच्या नावावर होऊ लागलं आणि विमाही सोपा झाला. आता तो काढताना चार गोष्टी विचारा.

पहिली गोष्ट, विमा कशाचा? जिवाचा, घराचा की सामानाचा? भारत गृह रक्षामध्ये घराचा विमा काढला की त्या रकमेच्या 20 टक्के सामानासाठी धरले जातात, जास्तीत जास्त 10 लाख रुपये. दागिने मात्र त्यात येत नाहीत. त्यांचा विमा वेगळा सांगून काढावा लागतो.

दुसरी, रक्कम किती? इथं बहुतेक जणी चुकतात. समजा घर 25 लाखाला घेतलं. त्यात जागेची किंमतही आली, पण जागा जळत नाही. विमा असतो घर पुन्हा बांधायच्या खर्चाचा. चटई क्षेत्र 500 चौरस फूट आणि बांधकामाचा दर 2,000 रुपये धरला, तर विमा 10 लाखाचा. सामानाचे 2 लाख त्यावर. पूर्वी 10 लाखाच्या घराचा 5 लाखाचाच विमा काढला, तर 2 लाखाच्या नुकसानीला 1 लाखच हाती यायचा. या पॉलिसीत तशी कपात होत नाही. पण सगळं घर गेलं, तर भरपाई कागदावर लिहिलेल्या रकमेच्या हिशेबानंच मिळते.

तिसरी, काय मिळणार नाही? झिजून पडलेली भिंत, वाईट बांधकामामुळे खचलेलं घर, यांचे पैसे मिळत नाहीत. त्यामुळे घर घेताना बांधकाम नीट पाहणं काही चुकत नाही.

चौथी, नाव कुणाचं? घर तुमच्या नावावर असेल, तर पॉलिसीवरही तुमचंच नाव हवं. कर्ज चालू असेल तर भरपाईतून आधी बँकेची बाकी जाते, हे लक्षात ठेवा. बँक घराचा विमा काढायला सांगू शकते, पण कंपनी निवडायचा हक्क तुमचा. हप्ता कुठे किती, ते दोन-तीन ठिकाणी विचारा.

त्या ताईंनी पुढे घराचा विमा वेगळा काढला. पॉलिसीचा नंबर त्यांनी गटाच्या वहीत लिहून ठेवला, कारण घरच गेलं तर घरातला कागदही जातो. तुम्हीही पुढच्या बैठकीला आपापले कागद घेऊन या. एकीनं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. समजलं नाही ते वहीत लिहून घ्या आणि बँकेत जाऊन सगळ्या मिळून विचारा.