भारतीय फुटबॉल संघाचीं बारा वर्षें (१९५१–१९६२) : एका आख्यायिकेची छाननी

बखर आणि समकालीन पत्र यांत विरोध आला असतां पत्राचा शब्द प्रमाण मानावा, हा दंडक आपल्या अभ्यासकांत आतां वादाचा राहिलेला नाहीं. परंतु विषय अलीकडचा निघाला कीं आपण तो दंडक सोडून देतों. ज्या प्रसंगांचे साक्षीदार कालपरवांपर्यंत हयात होते, त्यांच्याभोंवतींहि बखर रचली जाते. आणि तिला बखर असें नांव नसल्यामुळें तिची छाननी करण्याचें कोणाच्या मनांत येत नाहीं. अशीच एक हकीकत भारतीय फुटबॉल संघाविषयीं प्रचलित आहे. १९५० सालीं ब्राझिलमध्यें झालेल्या विश्वचषक स्पर्धेस आपला संघ गेला नाहीं, कारण आपले खेळाडू अनवाणी खेळत आणि तेथें अनवाणी खेळण्यास मज्जाव होता, अशी ती हकीकत आहे. ती कितपत टिकते आणि तिच्यामागें कोणता खरा इतिहास झांकला गेला, हें पाहणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम निर्विवाद भाग घेऊं. ३१ जुलै १९४८ रोजीं लंडन येथील ऑलिंपिक स्पर्धेंत भारताची फ्रान्सशीं गांठ पडली. कर्णधार तालिमेरेन आओ हे नागा प्रदेशांतील असून त्या वेळीं वैद्यकीचे विद्यार्थी होते. संघांतील बहुतेक खेळाडू अनवाणी उतरले. सारंगपाणि रामन यांनीं बरोबरी साधली. परंतु भारतानें दोन पेनल्टी दवडल्या आणि सामना १-२ असा गमावला. पुढें १९५० च्या विश्वचषकासाठीं ब्रह्मदेश, इंडोनेशिया व फिलिपाईन्स यांनीं माघार घेतल्यानें भारतास न खेळतांच प्रवेश मिळाला आणि स्वीडन, इटली व पराग्वे यांच्या गटांत त्याचें नांव पडलें. त्यानंतर भारतानें माघार घेतली. येथपर्यंत कोणाचें दुमत नाहीं.

आतां मज्जावाचें कलम तपासूं. लंडनचा अनवाणी खेळ सर्वांच्या डोळ्यांदेखत झाला होता. तो निषिद्ध असता, तर दोन वर्षांनीं त्याच संघाचें नांव गटांत घालण्याचें प्रयोजन काय? दुसरा पुरावा याहून बळकट आहे. १५ जुलै १९५२ रोजीं हेलसिंकी येथील ऑलिंपिकांत भारत युगोस्लाव्हियाशीं खेळला, तेव्हांहि आपले बरेच खेळाडू अनवाणीच होते. ऑलिंपिकमधील फुटबॉल त्याच आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमांनीं चालतो. जी गोष्ट १९५२ सालीं चालली, तीच १९५० सालीं संघ अडविण्यास पुरेशी होती, असें म्हणतां येत नाहीं. भारतीय संघटनेनें माघारीचें कारण सरावास अपुरा वेळ आणि संघनिवडीविषयीं मतभेद असें दिलें होतें. लांबचा जलप्रवास, खर्चाची चिंता, आणि ऑलिंपिकपुढें विश्वचषकाची थोरवी त्या काळीं येथें न वाटणें, हीं कारणेंहि अभ्यासकांनीं दाखविलीं आहेत. यांपैकीं कोणत्या कारणाचा भार किती, याविषयीं वाद संभवतो. बुटांना मात्र त्या यादींत अग्रस्थान देतां येत नाहीं.

या आख्यायिकेनें दोन प्रकारें नुकसान केलें. एक तर तिनें कारभारी मंडळींचा निर्णय खेळाडूंच्या पायांवर ढकलला. दुसरें असें कीं, भारतीय फुटबॉल म्हणजे भोळ्या अनवाण्या गड्यांचा खेळ, असा समज तिनें रूढ केला. वस्तुतः पुढील बारा वर्षांत या संघानें मिळविलेलें यश शिस्तीचें व शिक्षणाचें होतें. १९५१ च्या मार्चमध्यें दिल्ली येथें पहिले आशियाई सामने झाले. शैलेन मन्ना यांच्या नेतृत्वाखालीं भारतानें अंतिम सामन्यांत इराणचा १-० असा पराभव केला. तो एकमेव गोल साहू मेवालाल यांचा. हेलसिंकीस मात्र युगोस्लाव्हियानें १-१० अशी धूळ चारली. आपला एक गोल अहमद खान यांचा. या पराभवानंतर भारतीय संघटनेनें बूट आवश्यक केले. म्हणजे अनवाणी खेळ बाहेरच्या हुकुमानें नव्हे, तर मैदानावर मिळालेल्या धड्यानें संपला.

या काळाचा खरा सूत्रधार सय्यद अब्दुल रहीम हे होत. हैदराबादचे हे शिक्षक १९४३ पासून तेथील फुटबॉल संघटनेचे चिटणीस होते. चेंडू पायांत न रेंगाळवितां झटपट पुढें देणें व दोन्ही पाय सारखे तयार करणें यांवर त्यांचा कटाक्ष असे. त्यांच्या तालमींतील हैदराबाद शहर पोलिसांच्या संघानें मुंबईची रोव्हर्स स्पर्धा १९५० ते १९५४ अशी सलग पांच वर्षें जिंकली. १८९१ सालीं सुरू झालेली ही स्पर्धा जुन्यांपैकीं एक. तेव्हां रहीम यांच्या पद्धतीची परीक्षा मुंबईकर प्रेक्षकांनीं प्रत्यक्ष पाहिली, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

१९५६ सालीं मेलबर्न येथें समर बॅनर्जी कर्णधार होते. १ डिसेंबर रोजीं भारतानें यजमान ऑस्ट्रेलियास ४-२ असें हरविलें. त्यांपैकीं तीन गोल मुंबईचे नेव्हिल डिसोझा यांचे, चौथा किट्टू यांचा. उपांत्य सामन्यांत युगोस्लाव्हियाविरुद्ध आघाडीहि डिसोझा यांनींच घेऊन दिली, परंतु सामना १-४ असा गेला. पुढें बल्गेरियाकडून ०-३ असा पराभव होऊन भारत चौथा आला. स्पर्धेंत चार गोल करून डिसोझा सर्वाधिक गोल करणाऱ्या तिघांत गणले गेले.

कळस जकार्ता येथें १९६२ सालीं झाला. पहिलाच सामना दक्षिण कोरियानें ०-२ असा घेतला. नंतर भारतानें थायलंडला ४-१, जपानला २-० आणि उपांत्य फेरींत दक्षिण व्हिएतनामला ३-२ असें नमविलें. इस्रायल व तैवान यांना इंडोनेशियानें वगळल्याबद्दल भारताचे प्रतिनिधि गुरुदत्त सोंधी यांनीं हरकत घेतली होती. त्यामुळें लोकमत खवळून जमावानें भारतीय वकिलातीवर चाल केली. अशा वातावरणांत ४ सप्टेंबर रोजीं अंतिम सामना झाला. डोक्यास टांके पडलेले जर्नेलसिंग हे मूळचे बचावपटु, परंतु रहीम यांनीं त्यांस आघाडीस धाडलें. प्रदीपकुमार बॅनर्जी व जर्नेलसिंग यांच्या गोलांनीं कोरियावर २-१ असा जय मिळाला.

त्या संघाची यादी स्वतःच एक साधन आहे. पीटर तंगराज, प्रद्योत बर्मन, चंद्रशेखर, त्रिलोकसिंग, जर्नेलसिंग, अरुण घोष, रामबहादुर, फोर्तुनातु फ्रांको, प्रशांत सिन्हा, प्रदीपकुमार बॅनर्जी, कर्णधार चुनी गोस्वामी, तुलसीदास बलराम, युसुफ खान, अफझल, एथिराज, अरुमैनायगम अशीं नांवें तींत आढळतात. बंगाल, हैदराबाद, पंजाब, केरळ, डेहराडून अशा प्रांतोप्रांतींची ही माणसें. चंद्रशेखर हे मुंबईच्या कॅल्टेक्सचे, तर फ्रांको हे जन्मानें गोंवेकर व टाटा स्पोर्ट्स क्लबचे. गोमंतक मुक्त होऊन त्या वेळीं पुरे नऊ महिनेहि झाले नव्हते. फाळणींत घर गमावलेला पंजाबी, पोर्तुगीज अमलांत जन्मलेला गोंवेकर आणि हैदराबादचा शिक्षक एका यादींत येतात, हा केवळ खेळाचा इतिहास नव्हे.

अशा याद्यांचा उपयोग करतांना नामनिश्चिति काळजीपूर्वक करावी लागते. १९५६ च्या संघांत बॅनर्जी दोन आहेत. हेलसिंकीचे अहमद खान बंगलोरचे, तर मेलबर्नचे अहमद हुसेन हैदराबादचे. केवळ 'अहमद' एवढ्यावर निर्णय करूं नये. समूहचित्राच्या पुठ्ठ्यावरील नांवें बहुधा पुष्कळ नंतर लिहिलेलीं असतात. शाई व अक्षर पाहूनच त्यांस प्रमाण मानावें.

रहीम ११ जून १९६३ रोजीं कर्करोगानें निवर्तले. त्यानंतर १९६४ च्या आशियाई चषकांत दुसरें स्थान आणि १९७० सालीं बँकॉक येथें कांस्यपदक एवढी प्राप्ति झाली. १९६० च्या रोमनंतर ऑलिंपिक फुटबॉलांत भारत पुन्हां उतरला नाहीं.

संग्राहकांस एवढीच विनंति कीं, जुन्या दप्तरांबरोबर या काळाचे कागदहि जपावे. रोव्हर्स स्पर्धेचीं छापील पत्रकें, कचेऱ्यांच्या क्रीडामंडळांचीं हजेरीपुस्तकें, दौऱ्यांवरून घरीं आलेलीं पत्रें हीं आज रद्दींत जात आहेत. सनदेच्या कागदाला आपण जो मान देतों, त्याचा अल्पांश जरी यांस मिळाला, तरी पुढील संशोधकास आख्यायिकेवर विसंबण्याची पाळी येणार नाहीं.