हुंड्यातली मुंबई, बंद जपान आणि एक उघडं पोर्ट

पोर्तुगीजांनी मुंबई इंग्लंडच्या राजाला हुंड्यात दिली, हे आपण सगळ्यांनी शाळेत पाठ केलेलं असतं. १६६१ चा करार, दुसरा चार्ल्स, ब्रागांझाची कॅथरिन, वर्षाला दहा पौंड भाडं वगैरे वगैरे. पण याच लग्नापायी एका अख्ख्या देशाचं दार इंग्रजांच्या तोंडावर बंद झालं, ही गोष्ट मला बरीच उशिरा कळली. गेले दोन-तीन वीकेंड मी त्याच्याच मागे आहे. म्हटलं, आता लिहूनच टाकावं.

तर झालं असं. १६७३ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचं 'रिटर्न' नावाचं जहाज जपानच्या नागासाकी बंदरात शिरलं. इंग्रजांची जपानात पूर्वी वखार होती (१६१३ ते १६२३), ती तोट्यात गेल्यामुळे त्यांनी स्वतःच बंद केली होती. आता पुन्हा व्यापार करू द्या, अशी विनंती घेऊन मंडळी आली होती. जपानी अधिकाऱ्यांनी अगदी शांतपणे चौकशी सुरू केली. तुमचा धर्म कोणता? पोर्तुगीजांशी तुमचे संबंध कसे आहेत? आणि मग मुद्द्याचा प्रश्न: तुमच्या राजाची बायको पोर्तुगालची आहे ना?

संपलं! जहाजाला परत जायला सांगण्यात आलं. म्हणजे ज्या लग्नात मुंबई मिळाली, त्याच लग्नात जपान गेलं.

आता तुम्ही म्हणाल, जगाशी संबंध तोडून समुद्रात एकटं बसलेल्या देशाला लंडनच्या राजघराण्यातली सोयरीक कशी ठाऊक? सगळी गंमत तिथेच आहे.

थोडं मागे जाऊ. १५४९ मध्ये फ्रान्सिस झेवियर गोव्याहून निघून जपानला पोचला. (हो, जुन्या गोव्यात ज्याचं शव ठेवलंय तोच.) त्याच्यामागून पोर्तुगीज व्यापारी आणि पाद्री येत राहिले, लाखांच्या घरात लोक ख्रिस्ती झाले. शोगुनला, म्हणजे जपानच्या लष्करी सत्ताधीशाला, यात परकी सत्तेचं पाऊल दिसायला लागलं. १६३५ मध्ये हुकूम निघाला की कुणी जपानी माणसाने देशाबाहेर जायचं नाही, आणि गेलेला परत आला तर देहदंड. १६३७-३८ मध्ये शिमाबारा भागातल्या शेतकऱ्यांनी बंड केलं, त्यात ख्रिस्ती बरेच होते. १६३९ मध्ये पोर्तुगीजांची कायमची हकालपट्टी झाली.

१६४० मध्ये मकावच्या पोर्तुगीजांनी समजूत काढायला एक शिष्टमंडळ पाठवलं. व्यापाराचा माल नाही, फक्त वकील आणि विनंतीपत्र. एकूण ७४ माणसं. त्यातल्या ६१ जणांची डोकी उडवली गेली, जहाज जाळलं गेलं, आणि १३ जणांना मुद्दाम जिवंत ठेवून परत पाठवलं. का? तर घरी जाऊन सांगा म्हणून! 'ॲक्सेस डिनाइड' चा याहून स्पष्ट मेसेज मी तरी पाहिलेला नाही.

पण दार बंद म्हणजे अगदी कडेकोट नव्हतं. चिनी व्यापारी नागासाकीला येत होते, कोरियाशी त्सुशिमा बेटातून व्यवहार चालत होता. युरोपसाठी मात्र एकच पोर्ट उघडं ठेवलं होतं. आपल्या भाषेत सांगायचं तर तगडी फायरवॉल, आणि त्यात एकच नियम 'अलाउ'.

त्या पोर्टचं नाव देजिमा. नागासाकीच्या बंदरात भराव घालून बनवलेलं, पंख्याच्या आकाराचं कृत्रिम बेट. लांबी साधारण १२० मीटर, रुंदी ७५ मीटर. एखाद्या फुटबॉलच्या मैदानापेक्षा थोडं मोठं, बस्स. मूळचं पोर्तुगीजांना कोंडायला बांधलेलं. ते गेल्यावर १६४१ मध्ये तिथे डच ईस्ट इंडिया कंपनीच्या माणसांना आणून बसवलं. (हीच ती कंपनी, जिची वखार आपल्या वेंगुर्ल्याला होती.) शहराशी जोडणारा एक छोटा पूल, पुलावर पहारा. परवानगीशिवाय डचांनी बाहेर पडायचं नाही, जपान्यांनी आत यायचं नाही. धर्माचं जाहीर काहीही करायचं नाही. कंपनीच्या मुख्याने दरवर्षी बदलायचं, म्हणजे कुणी मुळं धरायला नको.

या सगळ्याच्या बदल्यात डचांना मिळाला जपानच्या युरोपीय व्यापाराचा मक्ता. आणि त्यांनी द्यायचं काय? मालाबरोबर बातम्या! दरवर्षी जहाज आलं की जगात काय चाललंय याचा अहवाल द्यायचा, दुभाष्यांनी त्याचं भाषांतर करायचं, आणि ते एदोला (आजचं टोकियो) शोगुनकडे जायचं. चार्ल्सच्या लग्नाची बातमी अशीच पोचली होती. प्रतिस्पर्ध्याची चुगली करण्यात डचांचा फायदा होता हे उघडच आहे. पण दोनशे वर्षं हा लॉग नेमाने लिहिला गेला आणि तिकडे कुणीतरी तो वाचत होतं, हे मला फार थोर वाटतं.

शिवाय डच मुख्याला शोगुनच्या दरबारी मुजऱ्याला जावं लागे. १७९० पर्यंत दरवर्षी, नंतर दर चार वर्षांनी. १६९१ मध्ये एंगेलबर्ट केम्फर नावाचा जर्मन डॉक्टर या लवाजम्याबरोबर गेला, त्याने सगळं लिहून ठेवलंय. पडद्याआडून शोगुन बघतोय आणि या विद्वानाला चालून दाखव, नाचून दाखव, गाऊन दाखव, दारू प्यायल्याचं सोंग कर, असे हुकूम सुटतायत. केम्फरने ते सगळं केलं. राजनैतिक शिष्टमंडळाची सर्कस झाली असं आपण म्हणू. पण त्याच वेळी त्याला रोग आणि औषधांबद्दलही प्रश्न विचारले जात होते. पुढेपुढे तर डच मंडळी एदोत ज्या खाणावळीत उतरायची, तिथे जपानी वैद्य आणि ज्योतिषी वह्या घेऊन गर्दी करायला लागले.

१७२० मध्ये शोगुन योशिमुनेने पुस्तकबंदी सैल केली. ख्रिस्ती धर्माचा संबंध नसेल तर पाश्चात्त्य शास्त्रांवरची चिनी पुस्तकं चालतील म्हणाला. पुढे त्याने दोन पंडितांना डच शिकायच्या कामाला लावलं. इथून एक नवीनच वेड सुरू झालं, 'रांगाकु'. म्हणजे डच विद्या.

यातला माझा सगळ्यात आवडता प्रसंग १७७१ चा. सुगिता गेनपाकु हा ओबामा संस्थानचा वैद्य (हो, नाव खरंच ओबामा :-)). त्याच्या हातात शरीररचनेचं एक डच पुस्तक पडलं. डचचं एक अक्षर येत नव्हतं, पण चित्रं बघून गडी चक्रावला, कारण परंपरेने शिकलेल्या शरीराशी ती जुळत नव्हती. मग एदोच्या वधस्थळावर एका म्हातारीच्या मृतदेहाचं विच्छेदन होणार असल्याचा निरोप आला. गेनपाकु पुस्तक घेऊन गेला, तर दुसरा वैद्य माएनो र्‍योताकु नेमकं तेच पुस्तक घेऊन हजर! चिरफाड करणारा होता नव्वदीचा एक म्हातारा, तिथल्या अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातला. मृतदेहाला हात लावणं हे त्यांचं काम, आणि वैद्यांनी लांबून बघायचं. कुठेतरी ऐकल्यासारखं वाटतंय ना? खरं ज्ञान त्या म्हाताऱ्याच्या बोटांत होतं. इतिहासात नाव मात्र बघणाऱ्यांचं राहिलं.

चित्रं तंतोतंत जुळली. परतताना या लोकांनी ठरवलं की पुस्तकाचं भाषांतर करायचं, आणि दुसऱ्याच दिवशी बसलेसुद्धा! धड शब्दकोश नाही, व्याकरण नाही. काहीशे शब्द फक्त र्‍योताकुला येत. भुवई म्हणजे काय हे सांगणाऱ्या एका ओळीवर अख्खा दिवस गेल्याचं गेनपाकुने म्हातारपणी लिहिलंय. डॉक्युमेंटेशन नसलेला दुसऱ्याचा कोड ज्याने उलगडलाय, त्याला ही वेदना वेगळी सांगायला नको. साडेतीन वर्षं घासाघीस, अकरा मसुदे, आणि १७७४ मध्ये 'काइताइ शिन्शो' छापून आलं. मज्जातंतूला जपानी भाषेत शब्दच नव्हता, तो त्यांनी घडवला. 'शिन्केइ'. आजही जपानी डॉक्टर तोच वापरतात. भाषांतर पुरेसं बिनचूक नाही म्हणून र्‍योताकुने स्वतःचं नाव मात्र घालू दिलं नाही असं म्हणतात.

नंतर शिझुकी तादाओ नावाच्या नागासाकीच्या दुभाष्याने न्यूटनचं गतिशास्त्र जपानीत आणलं आणि 'गुरुत्व'साठी शब्द बनवला. याच माणसाने १८०१ मध्ये केम्फरच्या निबंधाचं भाषांतर करताना आणखी एक शब्द जन्माला घातला, 'साकोकु'. अर्थ: कुलूपबंद देश. आज जगभर त्या काळाला याच नावाने ओळखतात. कुलपाला नाव देणारा माणूस स्वतः त्याच्या फटीतून न्यूटन वाचत होता.

मात्र हे सगळं गोड गोड नव्हतं. १८०४ मध्ये रशियाचा वकील रेझानोव्ह झारचं पत्र घेऊन नागासाकीला आला. त्याला सहा महिने ताटकळत ठेवलं आणि नकार देऊन परत पाठवलं. ज्या मोहिमेतून तो आला होता तिचा कप्तान होता क्रुझेनश्टेर्न, आणि त्याने पुढे प्रवासाचं पुस्तक लिहिलं. हे पुस्तक लक्षात ठेवा.

१८२३ मध्ये देजिमावर सीबोल्ड नावाचा जर्मन डॉक्टर आला. याला शहराबाहेर शाळा काढायची परवानगी मिळाली, लांबलांबून विद्यार्थी आले. फी म्हणून तो झाडं, वस्तू, निबंध घ्यायचा. त्याची एदोत ताकाहाशी कागेयासूशी ओळख झाली. ताकाहाशी म्हणजे शोगुनचा दरबारी खगोलशास्त्रज्ञ. त्याच्या ताब्यात इनो तादाताकाचे नकाशे होते. (इनो हा निवृत्त व्यापारी, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी निघून पायी सगळा किनारा मोजणारा! त्याच्यावर वेगळा लेख हवा.) ताकाहाशीला क्रुझेनश्टेर्नचं पुस्तक हवं होतं, सीबोल्डला नकाशे. अदलाबदल झाली.

दोघांच्याही दृष्टीने ही दोन अभ्यासकांमधली देवघेव होती. सरकारच्या दृष्टीने हा देशद्रोह होता. १८२८ मध्ये बिंग फुटलं. ताकाहाशी १८२९ मध्ये तुरुंगात मेला. प्रकरण तिथेही थांबलं नाही. त्याचं प्रेत मिठात घालून ठेवलं आणि निकाल लागल्यावर त्याला शिरच्छेदाची शिक्षा फर्मावली. सीबोल्डला फक्त हद्दपारी. युरोपात जाऊन त्याने जपानवर ग्रंथ लिहिले आणि नाव कमावलं. एकाच व्यवहाराची किंमत दोघांनी किती वेगवेगळी मोजली बघा. ज्या वकिलाला दारातून हाकललं, त्याच्याच मोहिमेच्या पुस्तकापायी इथल्या माणसाचा जीव गेला.

शेवटी १८५३ मध्ये अमेरिकेचा कमोडोर पेरी चार जहाजं आणि तोफा घेऊन आला. त्याच्याकडे जाणाऱ्या होडीतून होरी तात्सुनोसुके नावाचा दुभाष्या इंग्रजीत ओरडला की मला डच बोलता येतं! पुढच्या वाटाघाटी डचमधूनच झाल्या. १८५४ मध्ये पेरीने भेट म्हणून छोटं वाफेचं इंजिन आणि तारयंत्र आणलं. जपानी थक्क होतील ही अपेक्षा. एक अधिकारी त्या चिमुकल्या डब्याच्या टपावर बसून, झगा फडफडवत गोल गोल फिरलासुद्धा. पण तोवर सागा संस्थानातले लोक एका डच पुस्तकावरून भट्टी उभारून लोखंडी तोफा ओतत होते. १८५५ मध्ये तिथेच तानाका हिसाशिगे आणि मंडळींनी चालणारं छोटं इंजिन बनवलं. याच तानाकाने १८७५ मध्ये टोकियोत काढलेल्या कारखान्यातून पुढे तोशिबा झाली.

म्हणून मग 'बंद राहिल्यामुळे जपान टिकला' असा निष्कर्ष काढणारेही भेटतात. मला तो पटत नाही. फुकुझावा युकिचीचं उदाहरण घ्या. हा ओसाकाच्या शाळेत डच शिकला. अख्ख्या शाळेत मोठा डच शब्दकोश एकच, हाताने लिहिलेला. तो ठेवलेल्या खोलीत पोरं रात्र रात्र नंबर लावायची. एवढं करून १८५९ मध्ये हा पठ्ठ्या नुकत्याच उघडलेल्या योकोहामाला गेला, तर दुकानांच्या पाट्यासुद्धा वाचता येईनात. सगळीकडे इंग्रजी! जग केव्हाच दुसऱ्या भाषेत बोलायला लागलं होतं आणि यांचं पोर्ट मात्र डचच राहिलं होतं. फायरवॉलची ही किंमत. आत काय येतं ते तुम्ही ठरवता, पण बाहेर काय बदललं ते तुम्हाला उशिरा कळतं.

फुकुझावा हताश झाला, आणि मग लगेच पहिल्यापासून इंग्रजी शिकायला बसला. शिकताना त्याच्या लक्षात आलं की व्याकरण बरंचसं सारखंच आहे, डचची मेहनत अगदीच वाया गेलेली नाही. पुढच्याच वर्षी तो अमेरिकेला निघालेल्या जपानी जहाजावर होता.

देजिमा आज बेट राहिलेलं नाही. भराव पडत पडत समुद्र लांब गेला आणि ते शहराच्या पोटात आलं. जुन्या इमारती पुन्हा उभारल्यात, तिकीट काढून बघता येतात. कधी नागासाकीला जाणं झालं तर मी त्या पुलावर थोडा वेळ थांबणार आहे. एका बाजूला डच, दुसऱ्या बाजूला जपान, आणि मधे ते दुभाषे. पगार सरकारचा, पहारा सरकारचा, आणि खिशात न्यूटन. त्यांच्यापैकी बहुतेकांची नावं आपल्याला कधीच कळणार नाहीत.

असो. लेख लांबला. इनो तादाताकावर पुन्हा केव्हातरी.