यंत्राची खाण

सुरतेच्या कतारगाम भागात हिऱ्यांना पैलू पाडण्याचे कारखाने गल्लोगल्ली आहेत. तेथे काम करणारा माझा एक जुना विद्यार्थी परवा भेटावयास आला. "सर, घरासाठी साठविलेल्या पैशांतून बिटकॉइनचे 'खाणकाम' करणारे यंत्र घेऊ का?" त्याने विचारले. मी पडलो इतिहासाचा शिक्षक; उत्तरही इतिहासातच शोधू लागलो.

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तेथील कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि तिकडे 'सुरत' याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या हिंदी कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर लोटला. नव्या बँका निघाल्या, समुद्र हटवून जमीन करण्याच्या कंपन्या निघाल्या. सुरतेतच जन्मलेले प्रेमचंद रायचंद हे या सट्ट्याचे अध्वर्यू होते. १८६५ च्या एप्रिलमध्ये युद्ध संपत आले, कापूस कोसळला आणि १ जुलैच्या हिशेबाच्या दिवशी भल्याभल्यांचे दिवाळे वाजले. पुढे प्रेमचंदही त्यातून सुटले नाहीत. कापूस खोटा नव्हता. आजचा भाव उद्याही राहील, हा हिशेब खोटा होता.

या नव्या खाणीत तर प्राप्ती घटणार हे नियमातच लिहिलेले आहे. जगभरची यंत्रे अहोरात्र आकडेमोड करतात आणि सुमारे दर दहा मिनिटांनी एकाला बक्षीस मिळते. २००९ साली ते ५० नाणी होते. २०१२, २०१६, २०२० आणि २०२४ साली निम्मे निम्मे होत ते ३.१२५ वर आले. शिवाय यंत्रे वाढली की दर दोन आठवड्यांच्या सुमारास कोडेही आपोआप अवघड होते. यंत्र तेच, वीज तेवढीच, वाटा मात्र लहान! हिऱ्याच्या घंटीवर हात बसला की कारागिराची मजुरी वाढते. येथे हाताच्या कसबाला वावच नाही. त्यातच २०२२ साली सरकारने अशा चलनाच्या नफ्यावर ३० टक्के कर बसविला आणि खाणकामाच्या यंत्रसामग्रीचा खर्च त्यातून वजा होणार नाही, असेही स्पष्ट केले.

मी त्याला नको म्हटले नाही. "यंत्राची किंमत, विजेचे बिल आणि कर एका बाजूला मांड, दुसऱ्या बाजूला आजची नव्हे, निम्मी प्राप्ती धर," एवढेच सांगितले.

त्याने खिशातून वही काढली आणि थबकला. विजेचा दर त्याला ठाऊक नव्हता.

"तो आधी विचारून ये," मी म्हणालो, "मग घराच्या पैशांना हात लाव."